पानातली नेमकी जागा : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

विषय ठरला : प्रकाशसंश्लेषण वनस्पतीच्या पेशीत नेमकं कुठं होतं. मॅडमनी एकच अट घातली, नमुने आपापल्या घराच्या आसपासचे आणायचे. मला बरंच झालं. घर निफाड तालुक्यात, दारापासून द्राक्षबाग सुरू होते आणि बागेच्या पलीकडं रांगड्या कांद्याचं वावर. सकाळच्या एसटीनं नाशिकला कॉलेजात येताना मांडीवर एक पिशवी जास्तीची, एवढंच.

मैत्रीण म्हणाली, "यात शोधायचं काय? हरितलवकात होतं. शाळेतच शिकलोय." खरं आहे. पण ते आम्ही पाठ केलंय, डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पान, मग पानातला थर, थरातली पेशी आणि पेशीतला भाग अशा एकेक पायरीनं आपल्या हातानं जाता येतं तिथपर्यंत जायचं, असं दोघींनी ठरवलं.

संध्याकाळी बागेत पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "काडीवर पंधरा-सोळा पानं ठेवली तर घड फुगतो, पानं कमी पडली तर मणी बारीक राहतो. एवढं आम्हाला कळतं. पानात कुठं, ते तू सांग." वहीच्या पहिल्या पानावर त्यांचा प्रश्न लिहून ठेवला.

९ जानेवारी

द्राक्षाच्या पानाचा आडवा छेद. गाजराच्या तुकड्याला उभी चीर दिली, त्यात पानाची पट्टी खोचली आणि नव्या ब्लेडनं काप घेत बसलो. पहिले वीस-पंचवीस काप वाया गेले. जाड काप सूक्ष्मदर्शकाखाली नुसता हिरवा-काळा ढिगारा दिसतो. प्रयोगशाळेतले काका म्हणाले, "पोरींनो, ब्लेड दाबू नका, पाण्यात बुडवून एकदाच ओढा." त्यानंतरचा चौथा काप कडेला इतका पातळ आला की पाण्यावर तरंगताना दिसेनासा झाला. तोच घेतला.

वर काचेसारखा स्वच्छ एक थर. ती अपित्वचा. तिच्यात हिरवं काहीच नाही, उजेड तिच्यातून आरपार खाली जातो. तिच्या लगेच खाली खांबासारख्या उभ्या पेशी, एकीला एक खेटून, आणि प्रत्येकीच्या कडेनं हिरवे दाणे, म्हणजेच हरितलवकं, गच्च भरलेले. त्याच्या खाली वेड्यावाकड्या, सुट्या सुट्या पेशी, मध्ये हवेच्या पोकळ्या. तिथंही हिरवे दाणे आहेत, पण विरळ. सगळ्यात खाली पुन्हा स्वच्छ थर आणि त्यात मधूनमधून पर्णरंध्रं. या खालच्या थरात फक्त रंध्राच्या दोन ओठांसारख्या रक्षक पेशींमध्ये हिरवे ठिपके दिसले.

म्हणजे 'पान अन्न तयार करतं' हे ढोबळ झालं. पानाची कातडी जवळजवळ काहीच करत नाही, काम करतो तो मधला गर. त्यातही उन्हाकडचा खांबांचा थर जास्त.

घरी हे चित्र काढून दाखवलं तेव्हा पप्पांनी रंध्रांवर बोट ठेवलं. "ही सगळी खालच्या अंगाला? म्हणून डाऊनीची पांढरी बुरशी पानाच्या खालीच दिसते का?" हो, त्यासाठीच. डाऊनीचे बीजाणू ओल्या पानावर पोहत रंध्रापर्यंत जातात आणि तिथून आत शिरतात. द्राक्षाची रंध्रं पानाच्या खालच्या बाजूलाच असतात. भुरी ही दुसरी बुरशी मात्र कातडीतूनच घुसते, म्हणून ती वरच्या अंगालाही पसरते. माझ्या प्रकल्पाचा हा भाग नाही, पण फवारणीचा नोझल खालून वर का धरतात ते मला आज पहिल्यांदा नीट कळलं.

११ जानेवारी

कांदा. प्रत्येकाची पहिली स्लाइड कांद्याच्या पापुद्र्याचीच असते, आमचीही तीच होती. विटांसारख्या पेशी, भिंती ठळक, आयोडीननं पिवळसर झालेलं केंद्रक. हिरवा दाणा एकही नाही. कांदा जमिनीत वाढतो, त्याच्या पाकळ्या साठवणीसाठी असतात आणि प्रकाशसंश्लेषण त्या करत नाहीत. शाळेत 'वनस्पती पेशी' म्हणून जी आकृती काढतो तिच्यात हरितलवक असतंच, आणि त्याच आकृतीशेजारी कांद्याची स्लाइड दाखवतात जिच्यात ते नसतं. ही गोष्ट तेव्हा कुणी बोलून दाखवली नव्हती.

मग त्याच कांद्याची पात कापली. पात म्हणजे आतून पोकळ नळी. आडवा छेद घेतला तर हिरवं गोल कडं दिसतं. बाहेर स्वच्छ कातडी, आत उभ्या पेशींचं हिरवं वर्तुळ, मध्ये पोकळी. झाड एकच, वरच्या नळीत हजारो हिरवे दाणे आणि खालच्या गड्ड्यात शून्य. हा कांदा शेवटपर्यंत सोबत ठेवायचा असं आज ठरवलं.

१५ जानेवारी

काल संक्रांत झाली, आज कॉलेजला सुट्टी नव्हती तरी वर्ग अर्धा रिकामा. आम्हाला सूक्ष्मदर्शक निवांत मिळाला.

नमुना : हायड्रिला, पाण्यात वाढणारी वनस्पती. नांदूर मध्यमेश्वर आमच्याच तालुक्यात आहे, तिथं पाण्यात शेवाळ-वनस्पती भरपूर. पण ते पक्षी अभयारण्य, २०२० मध्ये रामसर यादीत (जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण, तिथल्या पाण्यात हात घालायचा नाही. चुलत्यांच्या शेततळ्यातून दोन फांद्या आणल्या.

हायड्रिलाचं पान मधली शीर सोडली तर फक्त दोन पेशी जाडीचं असतं. काप घ्यायची गरजच नाही. पान तोडायचं, पाण्याच्या थेंबात ठेवायचं, वर काचपट्टी. लांबट चौकोनी पेशी, जणू ओळीनं लावलेल्या खोल्या. प्रत्येक खोलीत भिंतीला लागून हिरवे गोल दाणे.

सकाळी थंडी होती, दाणे गप्प. काका म्हणाले, दिव्याखाली पाच मिनिटं राहू द्या. मी डोळा लावून बसले. आधी एक दाणा सरकल्यासारखा वाटला. मग दुसरा. मग लक्षात आलं, सगळेच चाललेत. भिंतीला धरून एकामागं एक, कोपरा आला की वळायचं, पुन्हा सरळ. मध्ये एक दाणा अडला, मागचे दोन त्याला येऊन चिकटले, तिघं मिळून पुढं निघाले. शेजारच्या पेशीतले दाणे उलट्या दिशेनं. पेशीच्या मध्यभागी मोठी रिक्तिका असते, पाण्यानं भरलेली पिशवीच म्हणा. उरलेला पेशीद्रव्याचा पातळ थर भिंतीला लागून फिरत असतो आणि हरितलवकं त्याच्याबरोबर वाहत जातात. मैत्रिणीनं बघितलं तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त माझा हात धरला.

नेमकी जागा शोधायला निघालो आणि ती जागाच फिरती निघाली!

जगदीशचंद्र बोस यांनी १९२० च्या दशकात कोलकात्यात याच हायड्रिलावर प्रकाशसंश्लेषणाचे प्रयोग केले. फांदीतून निघणारे प्राणवायूचे बुडबुडे आपोआप नोंदवणारं यंत्र त्यांनी बनवलं होतं. आमच्या शेततळ्यातली, पंपाच्या जाळीत अडकते म्हणून काढून फेकतो ती वनस्पती ही.

१८ जानेवारी

स्टार्चची (पिष्टाची) चाचणी : स्टार्च असेल तिथं आयोडीन निळं-काळं होतं. काल सकाळपासून उन्हात असलेली पानं दुपारी तोडून आणली होती : जास्वंद, पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांचं कोलियस आणि कांद्याची पात. आधी पान उकळत्या पाण्यात, मग स्पिरिटमध्ये. स्पिरिटची नळी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायची, ज्योतीवर कधीच नाही. हरितद्रव्य स्पिरिटमध्ये उतरलं, पान फिकट झालं. धुऊन आयोडीन टाकलं.

जास्वंद निळी-काळी. कोलियसचं पान तर नकाशासारखं उमटलं, जिथं हिरवं होतं तिथंच काळं आणि पांढऱ्या पट्ट्यात नुसता आयोडीनचा पिवळा रंग. फार सुंदर आलं, फोटो काढले.

कांद्याच्या पातीला काहीच नाही. पिवळट-तपकिरी.

दुसरी पात घेतली. तेच. तिसरी. तेच. आयोडीन जुनं झालं असेल म्हणून बटाट्याच्या फोडीवर टाकून पाहिलं, फोड काळीभोर. म्हणजे आयोडीन चांगलं होतं. पात हिरवीगार, उन्हातली, छेदात हरितलवकं मी स्वतः पाहिलेली. एका गाइडमध्ये छापलंय, 'निळा-काळा रंग न आल्यास प्रकाशसंश्लेषण झाले नाही असे सिद्ध होते.' त्या हिशोबानं आमच्या वावरातला सगळा कांदा उपाशी. मग गड्डा कशानं पोसतोय?

घरी जाताना खूप निराश वाटत होतं. कुठं चुकलं ते सापडत नव्हतं.

२१ जानेवारी

मॅडमनी आधी तिन्ही वेळची कृती नीट विचारली, मग म्हणाल्या, "चाचणी चुकली नाही. तुम्ही तिचा अर्थ चुकीचा लावला."

बहुतेक झाडं दिवसा जेवढी साखर तयार करतात तेवढी लगेच बाहेर पाठवत नाहीत. शिल्लक राहिलेली साखर हरितलवकातच स्टार्चच्या कणांच्या रूपात दिवसभरापुरती ठेवतात आणि रात्री मोडून वापरतात. आयोडीनला दिसतो तो हा साठा. कांद्याची पात स्टार्च साठवतच नाही. ती साखर आणि फ्रुक्टॅन नावाच्या साखरेच्या साखळ्यांच्या रूपात माल ठेवते, गड्ड्यातही तेच असतं. आयोडीन त्यांना ओळखत नाही.

पूर्वीच्या शास्त्रज्ञांनीही ही वाट धरली होती. जर्मनीत युलियस साक्स यांनी १८६० च्या दशकात दाखवलं की हरितलवकातले स्टार्चचे कण उजेडात तयार होतात आणि अंधारात नाहीसे होतात. पुरावा पक्का आहे, पण तो एका बाजूनंच चालतो. स्टार्च दिसला तर काम झालंय. नाही दिसला तर पुढं विचारायचं.

वहीतली '१८ जानेवारी – प्रयोग फसला' ही ओळ खोडली आणि शेजारी 'निकाल : पातीत स्टार्च नाही' असं लिहिलं.

२५ जानेवारी

आता साठा सोडून खुद्द काम दिसेल अशी चाचणी हवी. ते दिसतं प्राणवायूत. कृती सोपी आहे : पानाच्या चकत्या खायच्या सोड्याच्या पाण्यात घालून सिरिंजमध्ये घ्यायच्या, तोंडाशी बोट दाबून दांडा मागं ओढायचा. चकत्यांच्या पोकळीतली हवा निघते, पाणी आत शिरतं, चकत्या बुडतात. मग उन्हात ठेवायच्या. सोड्यातून कार्बन डायऑक्साइड मिळतो, पेशी कामाला लागतात, प्राणवायू पोकळ्यांत साठतो आणि चकती वर येते.

तीन ग्लास केले. पालकाच्या दहा चकत्या, पातीचे दहा तुकडे, आणि त्याच कांद्याच्या पांढऱ्या पाकळीचे दहा तुकडे. गच्चीवर साडेअकराचं ऊन.

पालकाची पहिली चकती पाच मिनिटांच्या आत उठली. आधी कडेला बारीक मोत्यासारखे बुडबुडे, मग ती एका अंगावर कलली, हलली आणि वर. पंधरा मिनिटांत दहाच्या दहा. पातीला वेळ लागला. तिच्यावर मेणाचा थर असतो, हवा काढायलाच चार वेळा दांडा ओढावा लागला होता. पण अठराव्या मिनिटाला पहिला तुकडा उठला आणि पाऊण तासात सात वर होते. पांढऱ्या पाकळीचे तुकडे संध्याकाळपर्यंत तळाला. नंतर पातीचा ग्लास काळ्या कापडाखाली ठेवून पाहिला, वर आलेल्यांपैकी चार पुन्हा बुडाले. पेशी श्वसनात प्राणवायू वापरत राहतात, उजेड नसला की नवा तयार होत नाही.

मी गच्चीवर एकटीच ओरडले. कांदा उपाशी नाही.

२९ जानेवारी

जनावरांसाठी केलेल्या मक्याचं पान सहज म्हणून तपासलं. आयोडीननंतर पान सगळं सारखं काळं न होता रेघारेघांचं झालं. छेद घेतला. शिरेभोवती मोठ्या पेशींचं एक कडं असतं, काळा रंग त्या कड्यातच. बाहेरच्या हिरव्या पेशींत जवळजवळ नाही.

मका, ऊस, ज्वारी, बाजरी यांच्यात काम दोन पेशींत वाटलेलं असतं. बाहेरची पेशी कार्बन डायऑक्साइड पकडून चार कार्बनच्या आम्लात बांधते आणि आतल्या कड्यातल्या पेशीला देते. तिथं तो सुटतो आणि साखर बनते, म्हणून साठाही तिथंच. ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ मध्ये उसावर काम करून ही वाट मांडली. उन्हाळ्यात मका द्राक्षापेक्षा पाण्याचा हिशोब नीट ठेवतो त्याचं एक कारण हेच. म्हणजे 'पेशीत कुठं' हे विचारताना 'कोणत्या पेशीत' हे झाडागणिक विचारावं लागतं.

१ फेब्रुवारी

छोटी नोंद. आजीनं लाल माठाची भाजी केली. मी विचारलं, "आजी, पान तर लाल, मग हे जगतं कसं?" तिनं उकडलेल्या पाण्यातून पान काढून माझ्यापुढं धरलं. पाणी लालभडक, पान हिरवं. लाल रंग रिक्तिकेतल्या पाण्यात विरघळलेला असतो, उकळलं की निघून जातो. हरितद्रव्य हरितलवकाच्या आतल्या पटलांना घट्ट धरून असतं, ते पाण्यात उतरत नाही. त्यासाठी स्पिरिट लागतं. आजीला हे कायम ठाऊक होतं, फक्त तिला कुणी विचारलं नव्हतं.

५ फेब्रुवारी

सगळ्यात अवघड दिवस. आतापर्यंत पेशी जिवंत आणि अख्खी होती. काम हरितलवक करतं की पेशीद्रव्यही हातभार लावतं, हे अजून सिद्ध झालं नव्हतं. हिरवं आहे तिथं काम होतं एवढंच दिसलं होतं.

जर्मन शास्त्रज्ञ एंगेलमान यांनी १८८० च्या दशकात यावर नामी युक्ती काढली. स्पायरोगायरा शैवालात हरितलवक मळसूत्री फितीसारखं असतं. त्यांनी प्राणवायूकडं धावणारे जिवाणू पाण्यात सोडले आणि उजेडाचा बारीक ठिपका पेशीवर टाकला. ठिपका रंगहीन भागावर, जिवाणू जागचे हलत नाहीत. ठिपका हिरव्या फितीवर, जिवाणूंची झुंबड. पुढं १९३७ मध्ये केंब्रिजच्या रॉबर्ट हिल यांनी पेशी फोडून हरितलवकं बाहेर काढली आणि दाखवलं की लोहाचा क्षार सोबत दिला तर ती एकटीसुद्धा उजेडात प्राणवायू सोडतात.

हिल यांचा प्रयोग आम्ही निळ्या रंगावर केला. डीसीपीआयपी नावाचा हा रंग इलेक्ट्रॉन मिळाले की रंगहीन होतो. खल-बत्ता रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला होता, साखरेचं थंड द्रावण, बर्फ, पालकाची पानं देठ-शिरा काढून. भराभर वाटलं, चार पदरी मलमलीतून गाळलं, गाळ फिरत्या यंत्रात बसवला आणि पुन्हा थंड द्रावणात कालवला. पहिल्या वेळी वाटायला उशीर केला, द्रावण कोमट झालं आणि निळा रंग तसाच राहिला. दुसऱ्यांदा काका बर्फ धरून शेजारी उभे राहिले.

तीन नळ्या, तिन्हीत निळ्याचे थेंब. एक उजेडात, एक चांदीच्या कागदात गुंडाळलेली, तिसरीत हरितलवकं आधी उकळून. उजेडातली नळी निळसर-हिरवी होती. तिसऱ्या मिनिटाला कडेचा निळेपणा विरला, सहाव्याला नळीत निव्वळ हिरवं उरलं, पोपटाच्या पिसासारखं. कागद उघडला तर आतली नळी निळीच. उकळलेली निळीच.

या नळीत साखर तयार झालेली नाही हेही लिहायला हवं. झाला तो पहिला अर्धा भाग : उजेड पकडणं, पाणी फोडणं, इलेक्ट्रॉन पुढं देणं. हे थायलॅकॉइडच्या पटलांत होतं, चपट्या पिशव्यांच्या चळती असतात त्यांत. दुसरा अर्धा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडपासून साखर, चळतींभोवतीच्या द्रवात, स्ट्रोमात होतो. त्याचं चक्र मेल्विन कॅल्विन यांनी उलगडलं, १९६१ चं नोबेल त्याबद्दलच. आणि १९५४ मध्ये डॅनियल आर्नन यांच्या गटानं पालकाच्याच सुट्या हरितलवकांकडून दोन्ही अर्धे करून घेतले. पेशीचं बाकी काही नव्हतं. पालक त्यांनाही, पालक आम्हालाही.

दुसऱ्या भागाला 'अंधारातली अभिक्रिया' म्हणतात ते नाव मी फाइलमधून काढलं. तो रात्री होत नाही. पहिल्या भागातून येणारी ऊर्जा दिवसाच मिळते आणि त्यातली काही विकरंही (एन्झाइम) उजेडानंच जागी होतात.

९ फेब्रुवारी, रविवार

एक सूक्ष्मदर्शक दोन दिवसांसाठी घरी न्यायची परवानगी मिळाली. ओट्यावर मांडला. पप्पा बागेतून आले, हात धुऊन बसले. त्यांना हायड्रिला दाखवला. बराच वेळ डोळा काढला नाही.

"हे दाणे पळतायत ते?"

"तेच. प्रत्येक दाण्यात चळती आहेत, त्या यातून दिसत नाहीत, त्याला मोठं यंत्र लागतं. दाणा मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढा."

"आणि द्राक्षातही असेच?"

"असेच. वरच्या खांबांच्या थरात सगळ्यात दाट. हिरव्या मण्यातही थोडे असतात."

त्यांनी बाहेर जाऊन एक पान आणलं, उन्हाकडं धरलं, मग मला दिलं. "याचा काप काढ. आपलं बघू."

गाजर घरात होतं. तिसऱ्याच कापाला जमलं.

१२ फेब्रुवारी

फाइल दिली. कांद्याच्या पातीचा छेद पाचव्या पानावर, त्याच्या समोर आयोडीननं काळ्या न झालेल्या तिन्ही पट्ट्या चिकटवल्या आणि खाली कारण लिहिलं. मॅडमनी तेच पान सगळ्यात आधी उघडलं. त्यांनी विचारलं, कांदाचाळीत अंधारात ठेवलेल्या कांद्याला पिवळा कोंब फुटतो, उजेडात आणला की हिरवा होतो, तेव्हा पेशीत काय होतं? चाळीतून दोन कांदे आणून काळ्या डब्यात ठेवले आहेत.